बॅग, डायरी आणि पाटाचं पाणी

रविवारी सकाळी इथं कॅनडात टिम हॉर्टन्स या कॉफी शॉपच्या पार्किंगमध्ये कॉफी हातात घेऊन फोन उघडला, तर धुळ्याच्या आमच्या सिव्हिल इंजिनिअर संघटनेच्या ग्रुपवर एकशे बारा मेसेज. रड जुनीच: नवी पोरं सभासद होत नाहीत, झालेली टिकत नाहीत. उपाय काय, तर पहिल्या वर्षी वर्गणी माफ, वर बॅग आणि डायरी. एकाने ऑर्केस्ट्राही सुचवला.

डोकं सणकलं. बॅगेसाठी आलेला माणूस बॅग संपली की जातो, हे कळायला ऑन्टारिओ गाठावं लागत नाही.

मी लिहिलं, थोडं तोऱ्यातच: इथं लायसन्स नसताना स्वतःला इंजिनिअर म्हणवलं तर कायदा आडवा येतो. ते देणारी संस्था 1922 पासूनची. दरवर्षी पैसे भरा, आणि 2023 पासून वर्षभरात काय नवीन शिकलात त्याचा हिशोबही द्या. लोक कुरकुरतात, पण भरतात. बॅग कोणी देत नाही.

एका पोराचं उत्तर आलं, "काका, ते लायसन्स झालं. मनानं भरता अशी संघटना आहे का तिकडे?"

त्याला उत्तर न देता मी मनानेच धुळ्याच्या पांझरा नदीवर गेलो. आमच्याकडच्या फड पद्धतीत, म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून चालवलेल्या जुन्या सिंचनात, कोणाला आमिष दाखवून कुणी सभासद केलं नव्हतं. बंधाऱ्याचं पाणी पाटाने येणार, एका फडात सगळ्यांचं पीक एकच, पाण्याच्या पाळीवर लक्ष ठेवायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि हंगामाआधी पाट साफ करायला प्रत्येकाने हात लावायचा. माणसं टिकत, कारण पाणी तिथूनच मिळे. दर 15 सप्टेंबरला, अभियंता दिनी, विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घालून आपण सांगतो, की साहेबांनी नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत याच पांझरेवर पाणी पलीकडे नेणारा नळाचा सायफन बांधला. मग जेवायला उठतो.

संघटनेचं पाणी कोणतं, हा प्रश्न ग्रुपवर कुणी विचारलाच नाही. 2020 च्या डिसेंबरात मुंबईसारखे काही भाग सोडून राज्यभराची नवी एकत्रित बांधकाम नियमावली आली, तेव्हा सामासिक अंतरं, म्हणजे इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा, कशी धरायची यावर प्रत्येक जण आपापल्या टेबलावर डोकं धरून बसला होता. तेव्हा चार शनिवार संध्याकाळी एकत्र बसून कोणी ती उलगडून दाखवली असती, तर पोरं वर्गणी घेऊन दारात आली असती. महापालिकेत अडकलेल्या फाईलसाठी एकट्याने खेटे घालण्याऐवजी दहा जण मिळून गेले असते, तरी पुरे होतं. शिवाय आजीव सभासदत्वाचा मोह. एकदाच घेतलेली रक्कम कधीच हॉलच्या भाड्यात गेली, आणि पैसे देऊन मोकळा झालेला माणूस पुन्हा कशाला फिरकेल?

इतकं लिहिलं आणि पाठवलं नाही. कारण त्या पोराचा प्रश्न अजून तिथेच होता.

आहे, तशीही संघटना आहे इथं, ऐच्छिक. मी तिचा तीन वर्षं सभासद होतो. गाडीच्या विम्यात सवलत मिळायची म्हणून. दुसरीकडे विमा स्वस्त मिळाला तसा नूतनीकरणाचा मेल न उघडताच डिलीट केला. म्हणजे बॅगच ती. तिथल्या दोनच बैठकांना गेलो. कॅनडात शिकलेल्या इंजिनिअरांच्या करंगळीतली, शिक्षण संपताना मिळणारी लोखंडी अंगठी बघत कोपऱ्यात उभा राहिलो आणि हिवाळी टायरांवर बोलून घरी आलो.

आणि एक सांगायचं राहिलं. त्या एकशे बारा मेसेजांत सत्तराव्याच्या आसपास एक सूचना होती: दहा वर्षांत एकाही सभेला न आलेल्यांची नावं यादीतून काढावीत. मी ती दोनदा वाचली. सणकलो ते तिथे, ऑर्केस्ट्रावर नव्हे. शेवटच्या सभेला मी गेलो त्याला एकोणीस वर्षं झाली.

दुपारी धाकट्या भावाचा फोन आला. "सभेनं कार्ड उनं शे. तू तं येवाव नही. काय करू?"

"कपाटात ठेव," म्हटलं. मग सभासद यादीसाठी सचिवांनी पाठवलेला फॉर्म भरायला घेतला. पत्त्याच्या रकान्यात देवपूर, धुळे लिहिलं.