"नुसतं थांबा म्हणाले" या अभिप्रायाला उत्तर

ताई, नमस्कार.

"प्लेटलेट १२ हजार, अंगभर निळे डाग, तरी डॉक्टर म्हणे औषध नको, नुसतं थांबा. तपासण्यांचे पैसे मात्र घेतले," असं तुम्ही लिहिलंय. दीड लाखाच्या वर हवा तो आकडा इतका खाली दिसला की कुठल्याही आईचा जीव टांगणीला लागणारच. तुमच्या लेकराचे रिपोर्ट मी इथे उघडणार नाही. पण आयटीपीचं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट नष्ट करते त्या आजाराचं मूल आलं की आम्ही काय बघतो, ते सांगतो.

नाशिकमध्ये पावसाळ्यात प्लेटलेट कमी म्हटलं की सगळ्यांना डेंग्यूच आठवतो. आयटीपीचं गणित वेगळं. बऱ्याचदा सर्दी-ताप होऊन गेल्यावर काही आठवड्यांत शरीराची प्रतिकारशक्तीच प्लेटलेटवर उलटते आणि प्लीहा त्या नष्ट करते. बाहेरून चढवलेल्या प्लेटलेटचीही तीच गत, चाळणीत पाणी ओतल्यासारखी. म्हणून त्या जिवावर बेतलेल्या रक्तस्रावातच देतो. पपईच्या पानांच्या रसानेही हे थांबत नाही.

आकड्याआधी मी मुलाचं तोंड उघडून बघतो. गालाच्या आत, टाळूवर रक्ताचे फोड आहेत का? मग पोट चाचपून लिव्हर-प्लीहा, मानेतल्या आणि काखेतल्या गाठी. रक्ताची काच मी स्वतः मायक्रोस्कोपखाली बघतो: प्लेटलेट खरंच कमी आहेत की नळीत गोळा झाल्यात, पांढऱ्या पेशींत काही वावगं आहे का. काच न बघता स्टिरॉइड सुरू केलं आणि आत ब्लड कॅन्सर असला, तर तो काही काळ झाकला जातो. हा धोका मी कुणाच्याही मुलाबाबत पत्करणार नाही. पैसे या तपासण्यांचे होते.

फक्त डाग असतील, रक्तस्राव नसेल, तर लक्ष ठेवून थांबणं हाच उपचार. अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. दहातली साधारण आठ मुलं वर्षभरात आपोआप बरी होतात. त्रास वाढला तर थोड्या दिवसांचं स्टिरॉइड किंवा आयव्हीआयजी (शिरेतून देतात ते प्रतिपिंडांचं औषध) आहेच.

तोवर आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन आणि कमरेवरचं इंजेक्शन नको. सायकल, मारामारीचे खेळ बंद. डोक्याला मार लागला, खूप डोकं दुखून उलट्या झाल्या, नाकाचं रक्त थांबेना किंवा शी काळी झाली, तर रात्री दोनलाही या. जवळ दुसरं मोठं हॉस्पिटल असेल तर तिकडे जा, आणि सोबत सगळे सीबीसी रिपोर्ट न्या.