45 डॉलरचं कोमट पाणी

काल ईमेल आलं. जूनमध्ये आठवडाभर भाड्याने घेतलेल्या मोटरहोमचं, म्हणजे चाकांवरच्या घराचं, अंतिम बिल. जादा मैलांचे पैसे, जनरेटरच्या तासांचे पैसे, इथपर्यंत माझी तक्रार नाही. त्याखाली ओळ होती: ‘तांत्रिक मदत: ग्राहकास उपकरण वापरता न येणे, 45 डॉलर.’

वापरता न येणे! सकाळपासून हेच वाक्य दाढेत अडकलेल्या सुपारीसारखं सलतंय.

झालं असं, की आईला घेऊन आम्ही अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीहून यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात गेलो आणि फिशिंग ब्रिजच्या आरव्ही पार्कात, म्हणजे अशा गाड्यांच्या तळावर, गाडी लावली. तिथे तंबूला परवानगी नाही. अस्वलं येतात, म्हणून टणक भिंतींची गाडीच लागते. उंची साधारण 2,350 मीटर, त्यामुळे जूनमधली पहाटही आपल्या पौषासारखी. आणि आईचा नियम असा, की अंघोळीशिवाय चहा नाही. हा नियम साताऱ्यात पाळायला सोपा आहे. तिथे बंब आहे.

इथे होता सहा गॅलनचा, म्हणजे जेमतेम 23 लिटरचा, प्रोपेन गॅसवर चालणारा गिझर. आतलं बटण दाबलं. बाहेरून टकटकटक आवाज आला, थांबला, पुन्हा आला. तीनदा झालं आणि बटणाशेजारी लाल दिवा लागला. बटण बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा तीनदा टकटक, पुन्हा लाल दिवा. ओढ्यापलीकडची माणसं तीन हाका मारून घरी जातात, तसं ते यंत्र तीन ठिणग्या टाकून घरी जातं.

बाहेर जाऊन गिझरचं झाकण उघडलं, तर मागून आवाज आला, “अ‍ॅनोड रॉड कधी बदललाय?”

शेजारच्या गाडीसमोर खुर्ची टाकून एक सत्तरीचे गृहस्थ बसले होते. अंगात झगा, पायात गमबूट, हातात कॉफीचा मग. म्हटलं, “गाडी भाड्याची आहे.”

“भाड्याची असली तरी टाकीला गंज चढतोच,” असं म्हणून ते उठले, आत गेले आणि रुमालात गुंडाळलेली एक वस्तू घेऊन आले. मला वाटलं, पाना असेल. निघाला एक कुरतडलेला, खड्डे पडलेला, वाकडातिकडा दांडा. त्यांच्या स्वतःच्या गिझरचा जुना रॉड! हे गृहस्थ तो जपून ठेवतात. असे तीन आहेत म्हणे.

“मॅग्नेशियम,” ते म्हणाले. “टाकी पोलादी. पाण्याला काहीतरी खायला लागतंच. ते आधी याला खातं, म्हणून टाकी वाचते.”

बायको मराठीत म्हणाली, “कळलं. मोठी सून.”

“काय म्हणाल्या त्या?”

“फार उपयुक्त माहिती आहे म्हणतेय.”

ते खूश झाले आणि पंधरा मिनिटं बोलले. कोळी बर्नरच्या नळीत जाळं करतात, म्हणून विजेरीने नळीत बघितलं. कोळी नव्हता, त्यांना जरा वाईट वाटलं. मग गॅसच्या टाकीचा कॉक मी कसा उघडला, ते त्यांनी मला करून दाखवायला लावलं. मी फर्रकन फिरवून दाखवला. त्यांनी डोळे मिटून घेतले. “एकदम उघडला, की आतल्या झडपेला वाटतं नळी फुटली, आणि ती गॅस अडवते. तान्हं मूल झोपलेल्या खोलीचं दार उघडतो, तसं उघडायचं. आणि आधी शेगडी पेटवा, नळीतली हवा जाऊ दे.”

एवढ्यात शाल लपेटून आई खाली उतरली. त्यांच्या हातातला दांडा बघून म्हणाली, “बुरकुंड का जपून ठेवलंय यांनी? बंबात घालायचं ना.” खरंच, दाणे खाऊन टाकलेल्या कणसासारखाच दिसत होता तो. मग मी त्यांना बंब म्हणजे काय ते सांगितलं: मधोमध नळकांडं, त्यात जाळ, भोवती पाणी. त्यांनी झाकणाआड बोट दाखवलं. “हेही तेच. ज्योतीची नळी टाकीच्या पोटातूनच जाते.” आमच्या परसातला तांब्याचा बंब राख काढली की चालू व्हायचा. त्याने कधी लाल दिवा दाखवला नाही.

शेगडी पेटवली, कॉक हलक्या हाताने उघडला, बटण दाबलं. भुस्स! पेटला. गृहस्थांनी कॉफीचा मग उंचावला. अर्ध्या तासाने आईने नळाखाली हात धरला आणि म्हणाली, “कोमट.”

अवतीभवती सगळं उद्यान जमिनीतून उकळतंय. ओल्ड फेथफुल नावाचा तिथला उसळता गरम झरा एका उसळीत 14 ते 32 हजार लिटर पाणी आभाळात फेकतो. आणि आमच्या नळाला कोमट! आईचा प्रश्न रास्त होता: “बाहेर एवढं उकळतंय, त्यातलं बादलीभर आणता येत नाही?” नाही येत. कायद्याने गुन्हा आहे, वर माणूस भाजून मरतो.

शेवटी कंपनीला फोन लावला. सहा मिनिटांतली चार संगीत ऐकण्यात गेली. मग एक मुलगा कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, “पलंगाखालची फळी काढा. तीन कॉक दिसतील. मधला बंद करा.”

चार स्क्रू, पोटावर झोपून. हिवाळ्यात पाइप गोठू नयेत म्हणून त्यात गुलाबी अँटिफ्रीझ भरतात, आणि ते टाकीत जाऊ नये म्हणून मधला कॉक उघडून टाकीला वळसा देतात. वसंतात तो बंद करायचा. यांनी बाकीचे दोन उघडले, हा विसरले. गार पाणी थेट गरम पाण्यात मिसळत होतं. म्हणजे चूक त्यांची, स्क्रू मी काढले, पाव वळसा मी फिरवला आणि 45 डॉलर माझे. वर कंपनीवाले म्हणतात, गाडी कशी वापरायची त्याचा आमचा व्हिडिओ बघा. चाळीस मिनिटांचा व्हिडिओ दोनदा बघितलाय मी. त्यात गाडीबाहेरचं कापडी छत कसं उघडायचं ते अकरा मिनिटं आहे, पलंगाखालच्या कॉकबद्दल अवाक्षर नाही. हे लिहून पाठवलं. तासाभरात उत्तर आलं, सोबत त्याच व्हिडिओची लिंक.

त्या दिवशी आईची अंघोळ साडेअकराला झाली. तेवीस लिटर पाणी साबण लावेपर्यंत पुरलं.

निघताना त्या गृहस्थांनी एक रॉड आईला भेट दिला. तो तिच्या बॅगेत आहे, साताऱ्याला जाणार आहे. शाळेत मॅग्नेशियमची पट्टी पेटवून दाखवत, तेव्हा डोळे दिपायचे. हे तिला विमानात बसायच्या आत सांगायला हवं.