"खेड्यात बसून ज्ञान पाजळू नका" : त्या कमेंटला उत्तर

भाऊ, अमेरिकेच्या सिक्युरिटी क्लिअरन्सवरच्या (सरकारी गुपितांचं काम करायला मिळणारी परवानगी) माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलं ते आधी इथं टाकते, बाकीच्यांनाही कळू द्या. "ताई, खेड्यात बसून अमेरिकेच्या भानगडीवर ज्ञान पाजळू नका. आईवडील भारतात असले की क्लिअरन्स विसरायचं. ओसीआय कार्ड म्हणजे दुहेरी नागरिकत्वच. आणि पॉलिग्राफबद्दल एक अक्षर नाही."

मुद्दा मांडा ना, कोण नाही म्हणतं, पण खेड्यात बसून म्हणजे काय? काहून असं बोलता? देवळी तालुक्यातल्या गावात मी ई-सेवा केंद्र चालवते, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पासपोर्टचे अर्ज हेच दिवसभर हाताखालून जातं, आणि कागदावरचं एक चुकलेलं अक्षर माणसाला कुठं नेऊन अडवते हे मला रोज दिसते. बाबा पुलगावच्या दारूगोळा डेपोत होते. घरी कामाचा एक शब्द काढत नसत. देशाचं गुपित ज्याच्या हाती द्यायचं त्याची चौकशी होणारच, हे आम्ही तुमच्यासारखं नेटवर वाचून नाही शिकलो.

आता तुमचं ते "विसरायचं". माझा भाचा तिकडचा नागरिक झाला आणि त्याला एसएफ-८६, म्हणजे क्लिअरन्ससाठीचा चौकशी फॉर्म, भरायचा होता तेव्हा व्हिडिओ कॉलवर कागद घेऊन मीच बसली होती. आईची जन्मतारीख विचारली तर आधारवर १ जानेवारी, शाळेच्या दाखल्यावर १ जून, आणि बहीण म्हणते मी तान्ह्या पोळ्याची. त्या फॉर्मवर तारखेपुढं अंदाजे म्हणून टिक करायची सोय असते, ती केली. आई, भाऊ, सासू-सासरे सगळे लिहिले, कोण सरकारी नोकरीत, किती वेळा बोलणं होते, सगळं. मावशी त्या नातेवाईकांच्या यादीत येत नाही, पण मागच्या सात वर्षांत ज्या परदेशी माणसाशी जवळचा आणि नेहमीचा संबंध आहे तो वेगळा लिहावा लागते, म्हणून माझंही नाव गेलं. जावई, म्हणजे भाच्याचे बाबा, गेल्यावर वारस फेरफारनं सातबारावर भाच्याचं नाव चढलं होतं, ती जमीनही लिहिली. क्लिअरन्स मिळालं. काम काय करतो ते तो सांगत नाही, मी विचारत नाही.

नियमात काय आहे तेही सांगते. ८ जून २०१७ पासून अमेरिकेत सीड-४ नावाचे निर्देश लागू आहेत, त्यात क्लिअरन्स द्यायचं की नाही ते ठरवायच्या १३ गाईडलाईन्स, पैकी बी परदेशी प्रभावाची. नुसतं नातं आहे म्हणून नाही म्हणत नाहीत, त्या नात्याच्या आडून कोणी दबाव आणू शकते का ते पाहतात. देश कोणता, नातेवाईक तिथल्या सरकारात की सैन्यात, इकडच्या मालमत्तेच्या मानानं माणसाचं तिकडं किती रुजलेलं आहे, असं सगळं तोलतात. परदेशात माणसं असली की चौकशी लांबते, एवढं तुमचं मान्य.

पण "विसरायचं" लिहून तुम्ही मोकळे झाले, त्याचं पुढं काय होते ठाऊक आहे? आमच्याच गावातून तिकडं गेलेल्या एका पोरानं असंच कुठंतरी ऐकलं आणि आईला फोन करणं बंद केलं. ती माय माझ्या केंद्रावर मोबाईल घेऊन येते, म्हणते बाई पाय बरं, रिचार्ज तर संपला नाही. रिचार्ज असते. त्या पोराला कोणी तरी सांगायला पायजे होतं की आई लिहिली म्हणून नाही, आई लपवली म्हणून अडते. मी लेख त्याच्यासाठी लिहिला होता, तुमच्या शाबासकीसाठी नाही.

ओसीआयचं थोडक्यात, म्हणजे भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकाला भारत सरकार देते त्या कार्डाचं. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ पहा, दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की भारताचं आपोआप संपते. ओसीआयवाल्याला मत नाही, निवडणूक लढवता येत नाही. आणि खरंखुरं दुहेरी नागरिकत्व असलेल्या माणसालाही गाईडलाईन सी (परदेशाकडं कल असण्याची) तेवढ्यावरून बाद करत नाही. ते लपवलं, किंवा अमेरिकेत येता-जाता अमेरिकन पासपोर्ट वापरला नाही, तर प्रश्न निघतो. परदेशी पासपोर्ट जमा करा नाही तर नष्ट करा, हे २०१७ च्या आधीचं होतं, तुमची माहिती तिथंच थांबलेली दिसते.

पॉलिग्राफ, म्हणजे खोटं पकडायची चाचणी, माझ्या लेखाचा विषयच नव्हता, त्यावर वेळ घालवत नाही. तुमची कमेंट काढणार नाही, राहू द्या तिथंच. फक्त पुढच्या वेळी लिहाल तर गावाचं नाव घेऊन नका लिहू, मी काय चुकीचं लिहिलं ती ओळ दाखवा.