बायल माणसांची बडबड आणि सातबारा

"बायल माणसां खूप बोलतत," बाबलने जाहीर केलं. मालवणच्या धक्क्याजवळ अक्काच्या टपरीवर आमचा कट्टा भरतो. बोलणारे सगळे पुरुषच. अक्का तेवढी एक, तीही चहा गाळता गाळता.

मी 2007 सालचा अभ्यास काढला. अमेरिका आणि मेक्सिकोतल्या 396 विद्यार्थ्यांच्या अंगावर रेकॉर्डर लावून शब्द मोजले होते. मुली आणि मुलगे, दोघेही दिवसाला साधारण सोळा हजार. बाबल तोंडघशी पडला. पण मास्तर खोडसाळ. त्यांनी 2025 ची मोजणी पुढे केली: माणसं दोन हजारांवर, आणि 25 ते 64 वयाच्या बायका दिवसाला सुमारे तीन हजार शब्द जास्त बोलताना आढळल्या. बाकीच्या वयांत फरक नगण्य.

"म्हणजे मी सांगत होतंय ताच खरा!"

"त्याच वयात का, ते सांग," मास्तर म्हणाले. उत्तर अक्काने दिलं. "पोरांक उठव, सासऱ्याक गोळी दी, गॅसवाल्याक फोन कर. न बोलता ह्या होतला काय?" अभ्यासकांनीही मुलं वाढवण्याचं कारण शक्यता म्हणूनच मांडलंय, पण अक्काचं मला जास्त पटलं. 2019 च्या सरकारी वेळ-पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा वेळ सरासरी 299 मिनिटं, पुरुषांचा 97. आणि पुरुषांत मुळात घरकाम करणारेच शंभरात सव्वीस.

दाजींना हे सगळं पुस्तकी वाटतं. "बायकांक पाग फेकूक सांग बघया." गुडघाभर पाण्यात उभं राहून, कडेचा शिसा दातात धरून, कमरेतून वळून जाळं गोल उघडणं सोपं नाही हे खरंच. आणि फेकण्याच्या वेगात बायका-पुरुषांत फरक मोठा असतो, हे मानसशास्त्रज्ञ जॅनेट हाइड यांनीही 2005 मध्ये नोंदवलंय. पण त्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून केलेली 46 विश्लेषणं तपासली, त्यातले सुमारे 78 टक्के फरक एक तर लहान, नाहीतर शून्याजवळचे. दाजींनी ऐकलं फक्त पहिलं वाक्य.

मग गाडी घरावर आली. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1122 बायका, आपल्या सिंधुदुर्गात 1036. अख्ख्या राज्यात 929. पुरुष मुंबईत. इथे चिखलणी, लावणी, बांधावरची भांडणं, तलाठ्याकडचे खेटे कोणी केले? मास्तरांची आई मनिऑर्डरवर अंगठा उठवायची, पण कुठल्या कुणग्यात किती भात उतरेल हे बोटावर सांगायची. "व्यवहार बायकांना कळत नाही" हे तिच्यासमोर बोलायची कोणाची छाती नव्हती. जमीन मात्र आजोबांच्याच नावावर राहिली.

मला तो मेघालयाचा अभ्यास सांगायचा होताच. 2011 मध्ये शिलाँगजवळच्या खासी आणि कार्बी जमातींच्या गावांत लोकांना चार तुकड्यांचं कोडं जुळवायला दिलं. कार्बींत पुरुष लवकर जुळवायचे. खासींत, जिथे वारसा धाकट्या मुलीकडे जातो, फरकच सापडला नाही. शेजारशेजारचे लोक, जवळचं रक्त.

"आपल्याकडे पण मुलीक हिस्सो असा," बाबल म्हणाला. असतो तर. महाराष्ट्राने 1994 लाच वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना हक्क दिला, देशाने 2005 ला. आणि आपण शोधून काढलं हक्कसोडपत्र.

"तुझी भैण चतुर्थीक येतली मा?" अक्काने विचारलं. "कागद तयार करून ठेवलंस म्हणतत."

"ता वेगळा. ती स्वखुशीन सही करता."

"भैणीन हिस्सो मागलो तर म्हायार तुटता," दाजींनी जोड दिली.

"मगे तुझो हिस्सो तू सोड स्वखुशीन," अक्का बाबलला म्हणाली, "तिच्या नावार कर."

बाबलने यावर जे काय उत्तर दिलं ते इथे छापण्यासारखं नाही.