काकांच्या डोळ्यांत काय उडालं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

दादा, केनियाच्या विष थुंकणाऱ्या नागावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा एक चूक सापडली. चूक माझीच.

तुमचे तीन आक्षेप. खानदेशात साप कमी आहेत का, म्हणून मी केनियाचा नाग घेऊन बसलो? तो 2007 साली 'सापडला', तर त्याआधी तिथली माणसं आंधळी होती का? आणि आपला नाग विष उडवत नाही असं मी ठोकून दिलं, पण यावलकडे केळीच्या कांदेबागेत ठिबकच्या नळ्या गुंडाळताना तुमच्या काकांच्या डोळ्यांत ते उडालं, त्याचं काय?

पहिल्याचं उत्तर सोपं. मला तो साप आवडतो.

दुसरा आक्षेप रास्त आहे, 'सापडला' हा शब्दच चुकीचा होता. केनियाच्या किनाऱ्यावरच्या लोकांना तो ठाऊक होताच. फक्त तपकिरी दिसतो म्हणून अभ्यासक त्याला काळ्या मानेच्या थुंकणाऱ्या नागाचाच एक रंग समजत. वुल्फगँग वुस्टर आणि डोनाल्ड ब्रॉडली या सर्पतज्ज्ञांनी खवले आणि डीएनए ताडून 2007 मध्ये तो वेगळा ठरवला. केनियाच्या किनाऱ्यावरच्या वाटामू गावी सर्पोद्यान उभारणाऱ्या जेम्स अ‍ॅश यांच्यावरून त्याला नाव दिलं, नाजा अ‍ॅशेई. थुंकणाऱ्यांत सगळ्यांत मोठा हाच, नऊ फुटांच्या आसपास जातो. एकाच्या सुळ्यांतून एका वेळी सहा ग्रॅमहून जास्त ओलं विष निघालंय. घोणसच्या नात्यातला पफ अ‍ॅडरही तो गिळतो.

आता काका. तुम्ही कपाशीवर फवारणी केली असेलच. पंप तोच, पण नोझल बदललं की धार बदलते. थुंकणाऱ्या नागाचंही तसंच. त्याच्या सुळ्याचं छिद्र बारीक, गोलसर आणि पुढे तोंड केलेलं असतं. विषाच्या पिशवीवर स्नायू आवळले की विष समोर दोन मीटर सहज जातं. आपल्या नागाचं छिद्र लांबट असतं, सुईच्या तिरप्या टोकासारखं. ते चावून विष आत सोडण्यासाठी.

'तो डोळ्यांवर नेम धरतो' असंही मी लिहिलं होतं. तेही अर्धवटच. संशोधकांनी तोंडावर पारदर्शक मुखवटा चढवून आफ्रिकी थुंकणाऱ्या नागांना डिवचलं. हात हलवला तर ते थुंकत नाहीत, चेहरा हलला तर थुंकतात. थुंकताना डोकं झपाझप हलवतात, म्हणून विष चेहराभर शिंपडलं जातं आणि एखादा तरी डोळा सापडतोच. या विषात पेशी जाळणारी प्रथिनं असतातच. त्यांच्या जोडीला फॉस्फोलायपेज नावाचं विकर (एन्झाइम) आलं की आग कैकपट वाढते. हे 2021 च्या एका अभ्यासातून पुढे आलं. आफ्रिकेतले नाग, आशियातले नाग आणि रिंकाल्स (दक्षिण आफ्रिकेतला नागाच्या नात्यातला साप), तिघांनीही थुंकणं स्वतंत्रपणे कमावलं, हेही त्यातच.

मग काकांच्या डोळ्यांत काय गेलं? मागच्या पावसाळ्यात वाळलेल्या केळीपानांच्या ढिगाखालून एक नाग माझ्यासमोर उभा राहिला होता. फणा काढून त्यानं तोंड मिटूनच तीनदा झेप घेतली. चौथ्यांदा तोंड उघडं होतं, आणि फुत्काराबरोबर चार-दोन थेंब माझ्या बुटावर पडले. लाळ की विष, देव जाणे. तोच थेंब डोळ्यांत गेला असता तर मीही 'थुंकला' म्हणूनच सांगत सुटलो असतो. फण्यावर एकच गोल खूण असणाऱ्या बंगालकडच्या नागानं विष उडवल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे 'शंभर टक्के अशक्य' हे माझं वाक्य मागे घेतो. 'सवयीनं थुंकत नाही' एवढं ठेवतो.

पण तुमच्या एका ओळीनं पोटात गोळा आला. काकांना आधी भगताकडे नेलं, डोळ्यांना तासभर पाणी लावलं नाही. शेतात मोटार चालू होती ना? डोळा न चोळता वाहत्या स्वच्छ पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं धरायचा आणि मग दवाखाना. विष असो, लाळ असो, की फवाऱ्याचं औषध.

काकांना दोनच गोष्टी विचारून कळवा. नाग त्यांच्यापासून किती हातांवर होता? आणि तोंडावर एकच थेंब होता की शिंतोडे?