'मला मान्य आहे' दाबा आणि कायदेपंडित व्हा

इंटरनेटच्या कायद्याचा अभ्यास करायचाय म्हणता? उत्तम. मी नुकताच अकरा दिवसांचा सक्तीचा वर्ग करून आलोय, समाजमाध्यमावरचं माझं खातं बंद पडल्यामुळे. तेव्हा चार अनुभवाचे बोल ऐका.

पहिलं म्हणजे अटी वाचू नका. वाचत बसलात तर अभ्यास कधी करणार?

सुरुवात 8 फेब्रुवारी 1996 पासून करा. त्या दिवशी इंटरनेटच्या स्वातंत्र्याचे पुरस्कर्ते जॉन पेरी बार्लो यांनी दावोसहून जगभरच्या सरकारांना ठणकावलं, की सायबरस्पेसमध्ये तुमची सत्ता चालणार नाही. त्याच दिवशी अमेरिकेच्या अध्यक्षांनी सही केलेल्या कायद्यात ते प्रसिद्ध कलम 230 होतं. लोक काय लिहितात त्याला ते जिथे लिहितात तो ऑनलाइन मंच जबाबदार नाही, आणि मंचाने सद्हेतूने काही काढून टाकलं तर त्यालाही नाही. म्हणजे सरकारांना दाराबाहेर थांबवलं आणि घर मालकांच्या नावावर करून दिलं. हे परीक्षेत लिहू नका, गुण जातात.

त्याच वर्षी अमेरिकेतले न्यायाधीश फ्रँक ईस्टरब्रुक म्हणाले, घोड्यांचा म्हणून वेगळा कायदा शिकवत नाहीत, मग इंटरनेटचा कशाला? यावर पानंच्या पानं भरा. घोड्यावर बसलंय कोण, ते विचारू नका.

युरोपचा जीडीपीआर, म्हणजे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा (2018 पासून लागू), सांगतो, की संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं. पाठ करा. मग 'सर्व स्वीकारा'चं ते तळहाताएवढं हिरवं बटण दाबा. नकाराचं बटण सापडलं तर मलाही कळवा.

आता अपील. ही कला अंगी हवीच. धमकी कशाला म्हणायचं हे अभ्यासगटातल्या नवख्यांना कळावं म्हणून मी एक नमुना वाक्य अवतरणचिन्हांत टाकलं. वर ठळक अक्षरांत 'उदाहरण' असं लिहिलं. यंत्राने उदाहरण सोडलं आणि धमकी तेवढी उचलली. खातं बंद! कारण काय, तर 'नियमांचं उल्लंघन'. कुठला नियम? ते गुपित. अपिलाच्या फॉर्मवर चार पर्याय, त्यातला एकही माझा नाही. म्हणणं 300 अक्षरांत मांडा म्हणे. काना-मात्रासुद्धा मोजतात हो! अकरा वाजून चार मिनिटांनी अर्ज पाठवला, अकरा वाजून सहा मिनिटांनी उत्तर हजर: 'आपल्या अर्जाचा काळजीपूर्वक विचार केला आहे.' दोन मिनिटांत काळजीही झाली आणि विचारही! उलट लिहावं तर त्या पत्त्यावर मेल जातच नाही. फोन नाही, माणूस नाही. अरे, चोरालासुद्धा आरोपपत्र मिळतं! ऑनलाइन मंचांसाठीच्या युरोपच्या डिजिटल सर्व्हिसेस ॲक्टमध्ये स्पष्ट आहे: कारण द्या, आणि तक्रारीचा निकाल निव्वळ यंत्रावर सोपवू नका. मी युरोपीय संघाच्या त्या 27 देशांत राहत नाही, म्हणून माझ्या वाट्याला यंत्र पुरे?

बास झाला उपरोध. तुम्हा अभ्यासकांनाच विचारतोय. कलमं धडाधड म्हणून दाखवता, पण वाद झाला तर तो कुठल्या देशाच्या कोर्टात चालेल, हे तुम्हीच होकार दिलेल्या अटींत लिहिलेलं असतं. कधी उघडून बघितलंत? दुसऱ्याचं खातं गेलं की 'काहीतरी केलं असेल त्याने' म्हणून मोकळे होता. मला असं दोघांनी ऐकवलं, आणि दोघेही हाच विषय शिकवतात! आपलं म्हणणं मांडण्याचा हक्क, निःपक्ष सुनावणी, हे सगळं काय फक्त फळ्यावर लिहायला आहे? लाज वाटायला हवी.

काल खातं सुरू झालं. का, ते याही वेळी सांगितलं नाही. उघडलं तर समोर पाटी: 'आमच्या अटी बदलल्या आहेत.' निर्धाराने वाचायला बसलो. चौथ्या पानावर अकरा दिवसांचे तुंबलेले निरोप आठवले.

दाबलं.