८० पूर्ण होईपर्यंत आईने पडायचं नाही का?

मागच्या आठवड्यात फॅमिली ग्रुपवर मावसभावाने टाकलं, "अमेरिकेत म्हाताऱ्या फौजीला आंघोळ घालायलाही सरकार पैसे देऊन राहिलं, आपल्याकडे नुसता सॅल्यूट." लगेच अंगठ्यांचा पाऊस, आणि मी ओहायोत राहतो म्हणून मला टॅग, सांग भाऊ खरं का. तर भाऊ, अर्धं खरं.

आमचे बाबा लष्कराच्या गार्ड्स रेजिमेंटचे हवालदार, कामठीत ट्रेनिंग झालेले. ते गेले, आई नागपुरात मानेवाड्याला एकटी, वय ७६. मार्चमध्ये बाथरूममध्ये पडली, खुबा मोडला. ऑपरेशन ईसीएचएसवर, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्य योजनेवर झालं, खिशातून फारसं गेलं नाही, हे आधी कबूल करतो. पण खर्च सुरू झाला घरी आल्यावर. दिवसरात्रीची बाई, महिन्याचे २४ हजार, जेवणखाण वेगळं, पोळ्याला ती गावी गेली तर बदलीवालीने दिवसाचे हजार मागितले आणि आम्ही दिलेही, कारण आईला संडासला उठवायला कोणी तरी पाहिजेच ना. फॅमिली पेन्शन तर त्यात केव्हाच संपते. पेन्शन २० टक्क्यांनी वाढते, पण ८० पूर्ण झाल्यावर. अटेंडन्स अलाउन्स म्हणून एक आहे, तो १०० टक्के अपंगत्वाची पेन्शन असलेल्या फौजीला, विधवेला नाही.

आता इकडचं. माझ्या शेजारी व्हिएतनामला जाऊन आलेले आजोबा आहेत, त्यांच्या मुलीसोबत मी एक अख्खा रविवार फॉर्म भरत बसलो. एड अँड अटेंडन्सचा फॉर्म, म्हणजे रोजच्या कामाला माणूस लागतो म्हणून फौजीच्या सरकारी पेन्शनवर मिळणारी जास्तीची रक्कम. डॉक्टरने लिहून द्यायचं, स्वतः जेवता येतं का, कपडे घालायला माणूस लागतो का. वय किती यावर काही अडत नाही, फौजीच्या विधवेलाही मिळतं. पण नोकरी सरकारने ठरवलेल्या युद्धकाळात झालेली पाहिजे, १९७६ ते ८० मध्ये इमानदारीने नोकरी करून घरी आला तर हे मिळत नाही. शिवाय राहतं घर सोडून जमा किती, मागच्या तीन वर्षांत कोणाला पैसे दिले का, सगळं उकरतात. टेबलावर बुटाच्या खोक्यात बिलं, आणि ती बिचारी नातवाच्या कॉलेजला दिलेला चेक शोधून राहिली. इतकं करून एकट्या माणसाला जास्तीत जास्त महिन्याला अडीच हजार डॉलरच्या थोडं खाली, आणि असिस्टेड लिव्हिंगवाले, म्हणजे म्हाताऱ्यांना ठेवून घेऊन मदतीला माणूस देणारे, पाच हजाराच्या खाली बोलतच नाहीत. मेडिकेअर, म्हणजे इथला म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा, त्या राहण्याचे पैसे देत नाही, हे तर इथल्या निम्म्या लोकांना वेळ आल्यावरच कळतं.

म्हणून मला अमेरिकेची आरती ओवाळायची नाही. आपल्याकडे पेन्शन देताना बँकेत किती आहे कोणी विचारत नाही, ते तसंच राहू द्या. फक्त वयाच्या जागी तो डॉक्टरचा कागद आणा, उठता येत नाही ना, मग ७६ काय आणि ८० काय. काका ग्रुपवर म्हणतात पेन्शनचा बोजा फार झाला, अग्निवीरच बरे, चार वर्षांनी साडेअकरा लाखाच्या वर हातात की विषय संपला. काका, चोविशीतल्या पोराचा विषय संपला असेल, त्याच्या म्हातारपणाचा कसा संपेल?

हे सगळं आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "जाऊ दे ना बेटा, चारच वर्षं राहिली, तोवर मी भिंत धरून चालते."